आई जिच्याजवळ निरोप ठेवायची ती बाई

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाच्या मोबाईलमध्ये दोन सिमकार्डं असून त्यांचं एकमेकांशी पटत नाही. एकाचं नेट चालू असलं की दुसरं तोंड फिरवून बसतं. त्या वेळात त्या दुसऱ्यावर कोणी फोन केला, तर माझ्या खिशात साधी कुरकुरही होत नाही. फोन करणाऱ्याला मात्र एक बाई अतिशय सभ्य आवाजात सांगते, की माझ्याशी आत्ता संपर्क होऊ शकत नाही.

हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं, आणि तेव्हा मी फार मजेत होतो.

जुना नंबर सगळ्या नातेवाइकांकडे होता, म्हणून तो ठेवला. नेटसाठी नवं सिम घेतलं, कारण आमच्या घरात जुन्याचं नेट रांगायचं आणि मला तर ते पळणारं हवं होतं. रोज दुपारी चार वाजता मी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून लाइव्ह गोष्टी सांगायचो. भुतांच्या, भांडणांच्या, लग्नात रुसून बसलेल्या व्याह्यांच्या. आवाज बदलून, प्रसंगी बायकोची ओढणी डोक्यावर घेऊन. श्रोते सात-आठ, त्यातली एक माझी मेहुणी, ती भिडेखातर. त्या वेळात मला कधीच कोणाचा फोन यायचा नाही. लोकांना अखेर कलेची कदर कळली, असं मी बायकोला सांगत असे. मिस्ड कॉलचे मेसेज येतात म्हणे. मला फक्त प्लॉट विकणाऱ्यांचे येत.

आई वणीला एकटी राहते. तिच्याकडे बटणांचा फोन आहे आणि दोनाचं बटण दाबून धरलं की माझा जुना नंबर लागतो, ही सोय मीच करून दिली होती. दर रविवारी सकाळी मी तिला फोन करायचो. तिने स्वतःहून फोन करायचा तो दुपारच्या चहानंतर. म्हणजे चारला.

त्या दिवसांत आईला एकच गोष्ट हवी होती. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, घोटीला अंथरुणाला खिळला होता. गुडघ्यांमुळे भाऊबीजेलाही तिला जाता आलं नव्हतं. एक दिवस मामाने स्वतः फोन करून तिला म्हटलं, आक्का, एकदा येऊन जा. एसटीने जायचं तर नाशिकला उतरून दुसरी गाडी धरायची, ते तिच्याने होणार नव्हतं. मी गाडी घेऊन यावं आणि तिला भावापाशी न्यावं, एवढंच तिला हवं होतं. तिने दोनाचं बटण दाबलं, आणि ती बाई बोलली.

आईला कमी ऐकू येतं. तिने एवढंच ताडलं, की मुलगा कामात आहे आणि फोन घ्यायला त्याने बाई ठेवली आहे. तिला यात काही नवल वाटलं नाही. मी प्रसिद्ध झालोय यावर विश्वास ठेवणारी जगात ती एकटीच होती. तिने बाईला नीट निरोप सांगितला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितला. शेजारच्या मुसलमान खालांपाशी कौतुकही केलं, की माझ्या मुलानं बाई ठेवलीय, लय गोड बोलते. खालांनी तिला आत नेऊन दार लोटलं आणि समजावलं, की आपा, घरात सून असताना असलं काही चारचौघांत बोलू नये.

रविवारी आईने मला विचारलं, तुझी ती बाई बरी आहे ना? मला वाटलं, आमची भांडीवाली. मी म्हटलं, बरी आहे, पण दांड्या फार मारते. तशी नाही वाटत बोलण्यावरून, असं आई म्हणाली. मग आम्ही पावसावर बोललो, पापडांवर बोललो. घोटीचं नाव तिने काढलं नाही. मुलाला एकदाच सांगायचं, दुसऱ्यांदा सांगितलं की तो तगादा होतो, हा तिचा जुना नियम. बाईला रोज सांगायला हरकत नव्हती, ती पगारी होती. असे कितीतरी रविवार गेले. मी विषय काढीन म्हणून ती थांबली होती.

मामा गेल्याचा फोन बायकोच्या मोबाईलवर आला. मी वणीला पोचलो तेव्हा आई ओट्यावर बसली होती, पिशवी मांडीवर. आम्ही दिंडोरीपर्यंत आलो. शेवटी मीच म्हटलं, "मामाला भेटायचं होतं, तर एकदा तरी सांगायचं होतंस, आई."

"सांगितलं की. रोज सांगितलं. तुझ्या बाईला."

गाडी कडेला घेऊन मी तिला सगळं समजावलं. दोन सिम, नेट, आधीच भरून ठेवलेला आवाज. तिने पिशवीतून फोन काढला, उलटा करून पाहिला.

"म्हणजे तिकडं कोणीच नव्हतं?"

"कोणीच नव्हतं."

"मी तिला जेवलीस का विचारायचे," ती म्हणाली आणि फोन परत पिशवीत ठेवला. नाशिक मागे पडलं, घोटी आली.

आईसाठी मामाला ठेवलं होतं. दारात मामीने आईला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "या. रोज दुपारी मोबाईलवर गोष्टी सांगायला वेळ असतो, आईला इथवर आणायला नसतो. हे रोज विचारायचे, आक्का निघाली का म्हणून."

अंगणातली माणसं माझ्याकडे वळली. एवढे श्रोते मला कधीच मिळाले नव्हते. मी तोंड उघडलं. दोन सिमकार्डांची गोष्ट तिथे कोणत्या आवाजात सांगायची, मला कळेना.

आई तोवर मामाच्या पायांशी बसली होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"त्याला नको बोलू गं. मी त्याला सांगितलंच नव्हतं."