गवत तिला विष आहे

वहिनी म्हणाली होती, "घोड्यावर बसायला वेल्सपर्यंत कशाला जायचं? इथे दादाच्या मानगुटीवर बसतेसच की." दादा हसला नाही. "एकटी जाणार? आणि तिथे सगळे गोरेच असणार," एवढंच म्हणाला.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी पस्तिशीची, बिनलग्नाची, लंडनच्या कडेला पिनरला दादाच्या घरी राहणारी, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी. नोकरीला लागल्यापासूनची प्रत्येक सुट्टी मी भारतात नाहीतर कुणाच्या तरी बाळंतपणात घालवली होती. स्वतःसाठी काढलेली ही पहिलीच. डोंगरातलं एक शेत, पाहुण्यांना चार खोल्या, रोज घोड्यावरून रपेट. जाहिरात कँटीनमध्ये पडलेल्या एका मासिकात सापडली होती.

मी फारशी बोलणारी नाही. फिरवून सांगायला गेले तर पुन्हा राहून जाईल, म्हणून आधीच सांगते. त्या आठवड्यात माझ्यामुळे एक घोडी मेली, आणि त्याचा दोष मी एका म्हाताऱ्या माणसावर जाऊ दिला.

निघाले तीच संशय घेऊन. कारणं नव्हती असं नाही. भर दुपारी बसस्टॉपवर कोटावर पडलेली थुंकी मी पुसलेली होती, त्यामुळे गोड बोलणारा माणूस दिसला की हा आता काय करणार, याचाच विचार आधी यायचा. शेतावर जेवणात कसली चरबी घालतील याचा भरवसा नाही, म्हणून वेम्बलीच्या देशी दुकानातून अर्धा किलो फुटाणे आणि गुळाची एक ढेप घेतली. बर्मिंगहॅमला गाडी बदलून, पुढे बसनं, संध्याकाळी पोचले.

शेताच्या मालकीणबाई साठीच्या. त्यांचे थोरले भाऊ सत्तरीचे, घोड्यांचं सगळं तेच बघायचे. बाईंचा पहिला प्रश्न, "वजन किती तुमचं?" माझे कान तापले. ओझं पाहून घोडं निवडतात हे मला कुठे ठाऊक! मी चार किलो कमीच सांगितलं. सकाळी बाकीचे पाहुणे, एक जोडपं, लांब टेबलाशी बसलेलं आणि माझं एकटीचं बारकं टेबल खिडकीपाशी. म्हटलं, चला, पान वेगळं मांडलं. बहीणभाऊ आपसात वेल्श बोलायचे, मी आत आले की थांबायचे. मी आणि वहिनी बसमध्ये लोकांच्या टोप्यांवरून मराठीत काय काय बोलायचो, त्यामुळे ते माझ्याबद्दलच बोलत असणार याची मला खात्रीच होती.

पहिल्या दुपारी तबेल्यामागे गेले तर तिथे ती दिसली. तपकिरी, ठेंगणी घोडी. चार पावलांचं कुंपण, आत नुसती माती, एका जाळीत मूठभर वाळलेलं गवत. आणि फाटकापलीकडे गुडघाभर हिरवं कुरण! तिचं पोट फुगलेलं होतं. भुकेनं पोट फुगतं, हे मला पक्कं माहीत होतं. बाईंचे भाऊ, ते म्हातारबाबा, बादली घेऊन आले.

"हिला काही घालायचं नाही हं. काहीसुद्धा नाही."

"का?"

"पाय दुखतात तिचे. गवत तिला विष आहे."

घोड्याला गवत विष! मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, ही थाप तुमच्या त्या जोडप्याला मारा. म्हातारी झाली, कामाची उरली नाही, म्हणून उपाशी मारताय. एवढ्या मोठ्या लॅबमध्ये काम करणारी मी. "म्हणजे काय होतं?" एवढं साधं विचारता आलं असतं. विचारलं नाही.

लहानपणी आमच्या गल्लीत एक टांगेवाला राहायचा. त्याचा घोडा थकून आला की तो त्याला भिजवलेले हरभरे आणि गूळ द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी घोडा कसा तरतरीत! मी तेच केलं. रपेटीहून आलं की सगळे चहाला जात, मी फुटाणे आणि गूळ ओढणीत बांधून तबेल्यामागे. घोडी माझा तळहात चाटूनपुसून साफ करायची. त्या पूर्ण शेतावर माझ्याकडे पाहून आनंद झालेला तो एकच जीव, असं मला वाटायचं. मग मी कुरणातलं हिरवं गवतही उपटून टाकू लागले. चौथ्या दुपारी तेवढ्यानं माझं समाधान होईना. फाटकाची कडी काढली आणि तिला आत सोडलं. तासभर तिनं मान वर केली नाही. मी शेजारी उभी राहून स्वतःवर खूश होते. नंतर गूळ दाखवून तिला परत आणलं आणि कडी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. म्हातारबाबा तिच्या मानेशी मातीत बसले होते. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी खूर दाबून पाहिले आणि उभे राहिले. ताज्या गवतानं आणि गोडानं काही घोड्यांच्या खुरांच्या आत आग पेटते, हाड जागचं सरकतं. हे मला तेव्हा कळलं, ते त्या जोडप्याला समजावत होते त्यावरून. पूर्वी एकदा झालेलं, म्हणून तिला मातीवर ठेवलेलं. दुपारच्या आत तिला शेवटचं इंजेक्शन दिलं.

स्वयंपाकघरात बाई आमच्यादेखत, या वेळी इंग्रजीतच, भावाला म्हणाल्या, "कुरणात तिच्या खुरांचे ठसे आहेत. काल फाटक उघडं राहिलं, आणि नंतर तिला परत आत घेतलेलं तुला आठवत नाही."

"मी लावलं होतं."

"परवा गॅसवर किटली जळाली, तेव्हाही तू हेच म्हणालास."

"किटलीचं वेगळं. फाटक मी लावलं होतं, कडी घातली होती."

मग बाई माझ्याकडे वळल्या. "लव्ह," तिकडे सगळ्यांनाच म्हणतात तसं म्हणाल्या, "तुम्ही काल तिकडे फिरत होतात ना? फाटक कसं होतं, पाहिलंत?"

आता सांगायचं, एवढंच होतं. पण डोळ्यांपुढे आलं ते असं: एकटी आलेली इंडियन बाई, तिनं यांचं जनावर मारलं. पुढे पोलीस, दादा, वहिनी. मी म्हणाले, "उघडं असावं बहुतेक."

म्हातारबाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. विद्यार्थी आपली चूक कुठे झाली ते शोधतो ना, तसं. मग हळूच म्हणाले, "मग मीच असेन." बाईंनी हात पुढे केला आणि त्यांनी खिशातल्या तबेल्याच्या किल्ल्या काढून बहिणीच्या हातात दिल्या.

घरी मी सांगितलं, हवा छान होती.

त्या ख्रिसमसला बाईंचं कार्ड आलं. पाहुण्यांना पाठवत असाव्यात. भाऊ आता घोड्यांकडे जात नाही, स्वतःचा भरवसा वाटत नाही म्हणतो, असं खाली दोन ओळींत. तशी कार्डं दरवर्षी यायची. मी उत्तरं लिहायची आणि फाडायची. वहिनीनं एकदा विचारलं, "कोण गं हे? वेल्समध्ये कुणी पाहून ठेवलायस की काय?" मी हसण्यावारी नेलं.

सातव्या वर्षी मी गेले. एकटीच. पाहुण्यांच्या खोल्या बंद झाल्या होत्या, घोडे विकले होते. म्हातारबाबा स्वयंपाकघरात चुलीजवळ बसले होते, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. बाईंनी मला ओळखलं, माझा कोट खुंटीला लावला, खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं: फुटाणे, गूळ, कडी, आणि मी दिलेलं उत्तर.

 बाई म्हणाल्या, "त्या दिवसापासून मी त्याला गॅस पेटवू दिला नाही. गाडी चालवू दिली नाही. डॉक्टर विचारायचे, हे कधीपासून, तर मी त्या घोडीपासून मोजायचे."

"तेव्हा ते बरोबर होते," मी म्हणाले.

"आणि आता? आता तो नाही बरोबर. हे आपोआप झालं की मी केलं, सांगा ना तुम्ही. लॅबमध्ये असता ना?"

 

बाई भावासमोर गुडघ्यांवर बसल्या, त्याचा हात धरून वेल्शमध्ये सावकाश बोलल्या. दोनदा तेच वाक्य आलं असावं. त्यांनी ऐकलं. चेहऱ्यावर काहीतरी सैलावल्यासारखं झालं, निदान मला तसं वाटलं. मग ते माझ्याकडे पाहून इंग्रजीत म्हणाले, "सात वर्षं?"

"हो."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा चुलीकडे पाहू लागले.

बाई उठल्या. माझा कोट खुंटीवरून काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "तुमच्या बसची वेळ झाली असेल."

बसला अजून दीड तास होता. ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी कोट घातला आणि जाऊन रस्त्यावर उभी राहिले.