नाल्याकाठची बाग

मी जळगावला आर्किटेक्चर शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शेवटच्या वर्षी आपापल्या गावातली एक मोकळी जागा घेऊन तिथं त्या गावाला शोभेल अशी बाग आखायची होती. मी धुळ्यातला, आमच्या वस्तीमागचा नाल्याचा काठ घेतला. काळी माती, बाभळी, मधे सपाट गवत. मोजायला गेलो तेव्हा टेपचं दुसरं टोक वडिलांनी धरलं होतं. गवतापाशी ते थांबले. बाहेरूनच मोज, म्हणाले. मला वाटलं, काट्यांमुळे असेल.

सुट्टीत घरी जमिनीवर आराखड्याची शीट पसरली. माझी झाडं बघून वडील म्हणाले, "हाई बाभूळ शे का फुलकोबी?" आई हसली, मग नीट बघायला वाकली. गवताच्या जागी मी खेळाचं मैदान दाखवलं होतं आणि पेन्सिलीनं लहान मुलं काढली होती.

"या पोरे कोना शेतस?" तिनं विचारलं.

"कुणाची नाहीत. जागा केवढी आहे ते कळावं म्हणून."

आई शीटजवळ खाली बसली. मग म्हणाली, "तुना मोठा भाऊ तठेच शे."

माझ्याआधी एक मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत गेला, एवढंच मला ठाऊक होतं. आमच्यात तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. वर खूण ठेवत नाहीत. बायका सोबत जात नाहीत. आई सांगू लागली: कुठल्या झाडाखाली, असं तिनं तेव्हा विचारलं होतं, आणि वडील म्हणाले होते, विसर. आताही तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"तवय झाडे थोडा व्हतात. आते काय समजस?" म्हणत ते उठून बाहेर गेले.

मी ती मुलं खोडली. पण पेन्सिल दाबून चालवली होती. खिडकीतून तिरपं ऊन आलं की ती कागदावर पुन्हा दिसत, नुसत्या खाचा. वस्तीतल्या आणखी कुणाकुणाची मुलं तिथं असतील, या विचारानं मी शीट पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, जागाच बदलते.

"नको," आई म्हणाली. "बाग व्हयनी ते मी तठे बसी ऱ्हासू. कोन इचारी माले?"

ती बागेत जाऊन बसायचं ठरवत होती; मग मला सांगावंच लागलं, की ही बाग कुणी बांधणार नाही, हे फक्त मार्कांसाठी आहे.

"कागदवर ते कागदवर. एक बाक काढ. तोंड कोनता बाजूले करशी?"

मी पेन उघडलं. वडील दारात चप्पल घालत होते. ते आत आले, शीटपाशी उकिडवे बसले. त्यांचं बोट झाडांवरून सरकत गेलं, एकदा मागं आलं, आणि दोन बाभळींच्या मधे थांबलं. त्यांना खरंच आठवलं, की तिच्यासाठी त्यांनी एक जागा ठरवली, मला अजून कळलेलं नाही. मी तिकडं तोंड करून बाक काढला. शाई ओली होती, तरी आईनं दोन बाभळींच्या मधे हात ठेवला.