न मरणारे मासे

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळपासून लोकांचं रक्त, लघवी, थुंकी, आणखी काय काय हाताळते आणि दुपारी त्याच लॅबच्या मागच्या खोलीत बसून निवांत डबा खाते. तेव्हा मला कुणी नाजूक म्हणू नये. पण आमच्या हॉलमधल्या फिश टँकजवळ गेलं की मला उमासे यायचे. काच शेवाळानं हिरवी, तळाच्या रंगीत खड्यांत माशांची घाण साचलेली, वर पिवळट फेस, आणि वास तर असला की फुलदाणीतलं पाणी आठवडाभर विसरावं आणि मग त्यात नाक घालावं. पाहुण्यांसमोर मी उदबत्ती लावायचे. दोन्ही वास एकत्र झाले की आणखी वाईट व्हायचं.

ही ब्याद घरात आणली माझ्या नवऱ्यानं. कसबा बावड्यात आम्ही नवा फ्लॅट घेतला, वास्तुशांत केली, तेव्हा माझी कबनूरची नणंद एका वास्तुवाल्याला घेऊन आली. त्यानं घरभर होकायंत्र फिरवलं आणि ईशान्येच्या कोपऱ्यात आठ सोनेरी आणि एक काळा असे मासे पाळायला सांगितले. घरावर काही यायचं असलं की मासा ते आपल्या अंगावर घेतो. तो मरतो, माणूस वाचतो. म्हणजे मासा मेला तर वाईट वाटून घ्यायचं नाही, उलट सुटलो म्हणायचं. नवऱ्याचं रंगाचं दुकान, मी लॅबमध्ये, घराला दिवसभर कुलूप. मासे सांभाळणार कोण, ते काही त्या होकायंत्रात दिसलं नव्हतं.

दोन फुटांच्या टाकीत नऊ गोल्डफिश म्हणजे छळच. गोल्डफिश दिसायला गोंडस, पण जातीचा हावरा. खातो आणि हगतो, मधे तिसरं काम नाही. त्यात येणारा प्रत्येक पावणा मायेनं काहीतरी टाकणार. कुणी खारीचा चुरा, कुणी चपातीचा तुकडा. एका पावण्यानं तर तेलकट भडंग मूठभर ओतलं आणि कसं खात्यात बघा म्हणून बायकोला हाक मारली. संध्याकाळी पाणी पांढऱ्या रश्श्यागत झालेलं. पुढं कितीतरी दिवस मला पांढरा रस्सा घशाखाली उतरेना, आणि कोल्हापुरात राहून रस्सा उतरेना म्हणजे काय हाल होतात ते सांगून कळायचं नाही.

नवऱ्याला उत्साह यायचा रविवारी. मासे बादलीत टाकायचे, टाकी मोरीत न्यायची, भांड्याच्या पावडरीनं खसाखसा घासायची. फिल्टरमधला स्पंज नळाखाली पिळून पांढरा करायचा. म्हैस धुवावी तशी तो टाकी धुवायचा. मग नळाचं ताजं पाणी भरून मासे आत. टाकी लखलखायची आणि दोन दिवसांत एखादा मासा पोट वर करून तरंगायचा. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं आणि ते विष खाणारे जंतू त्या स्पंजातच राहतात. त्यांना आम्हीच दर रविवारी गटारात सोडत होतो. हे मला पुढं कळलं. तेव्हा घरात एकच कारण चालायचं. मासा मेला की नवरा नणंदेला फोन लावायचा, ती तिकडून देवाचे आभार मानायची, आणि मेल्या माशाला हळदकुंकू लावून गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत पुरलं जायचं आणि त्याच्या जागी नवा आणला जायचा. शेजारचं मांजर तो उकरून अर्धा खायचं. उरलेला अर्धा उचलायला मी होतेच.

इथवर नुसती किळस होती. पुढं भीती आली.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नवरा जिना चढताना मधेच थांबायला लागला. खिशात किल्ली शोधल्याचं सोंग करायचा, पण कपाळावर घाम असायचा. छातीत आवळून येतंय हे त्यानं चार वेळा खोदून विचारल्यावर कबूल केलं. त्याचे वडील असेच जिन्यावर बसले ते उठलेच नव्हते. मी त्याला हाताला धरून डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, बघितली आणि अँजिओग्राफी करून घ्या, लांबणीवर टाकू नका, असं सांगितलं. तारीख घेतली. नवरा घाबरून अर्धा झाला. आणि त्याच आठवड्यात टाकीतला काळा मासा मेला.

मी लॅबमधून आले तर हा टाकीसमोर हात जोडून उभा. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आलेला.

"माझं हुतं ते घेऊन गेला बघ," म्हणाला.

त्यानं दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी नणंद पेढे घेऊन आली. नवऱ्याच्या छातीवर इलाज काय, तर घाणेरड्या पाण्यात गुदमरून मेलेला एक मासा, आणि वर पेढे. पेढा माझ्या तोंडात होता, तो मी बेसिनमध्ये थुंकून आले. शी म्हणावं तेवढं थोडं. मी भांडले, रडले, दोन वेळचं जेवण सोडलं. नवरा ढिम्म. मुळात त्याला दवाखान्याची भीती, आणि भित्याला निमित्त पुरतं. नणंद मला म्हणाली, तू शिकलीस म्हणून तुला पटत न्हाय. मी म्हटलं, न शिकता तरी कसं पटावं.

त्या दिवशी ओटा पुसता पुसता एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. या घरात मासे मरत राहतील तोवर हा माणूस दवाखान्याची पायरी चढणार नाही. दर वेळी एक मरणार, दर वेळी हा सुटणार, आणि एक दिवस माझ्या हातात काही राहणार नाही. टाकी काढून टाकावी तर घरात महाभारत. मग मासेच असे आणायचे, जे मरणार नाहीत.

शाहूपुरीतल्या माशांच्या दुकानात जाऊन मी सांगितलं, देखणा नको, चिवट द्या. घरात दिवसभर कुणी नसतं, हीटर लावणार नाही, लाड करणार नाही. दुकानदारानं आधी काच चाटणारा तो काळा खरखरीत मासा काढला. हा साफसफाई करतोय, तुमाला कामच न्हाय, म्हणाला. तो हातभर वाढतो आणि साफ करतो त्याच्या दुप्पट घाण करतो, हे मी वाचून गेले होते. त्याचं ते काचेला चिकटलेलं तोंड बघूनच शिसारी आली. गप्पी चिवट खरे, पण पिल्लांचा बुजबुजाट होतो आणि आईच ती पिल्लं गिळते. म्हटलं, घरात असलं काही बघायची ताकद माझ्यात उरलेली नाही. शेवटी पट्ट्यांचे झेब्रा डॅनिओ घेतले. थंडी-उन्हाळा दोन्ही सोसतात आणि कळपानं राहतात. थोडे लाल प्लॅटी घेतले, तेही निवडून सगळे नर. तळाचं पडलेलं वेचून खाणारे मिशावाले बारके कॅटफिश घेतले. लाकडाला बांधलेलं, हळू वाढणारं एक झाडही घेतलं. गोल्डफिश सगळे नेसरीला, माझ्या भावाच्या शेतावरच्या हौदात पाठवले. तिथं ते मजेत आहेत, वाढून वीतभर झालेत. नवऱ्याला म्हटलं, घरात मासा असल्याशी कारण, रंग कुठला का असेना.

टाकीचा ताबा मी घेतला. सकाळी चिमूटभर खाऊ, दोन मिनिटांत संपेल तेवढाच. रविवारी एक बादली पाणी काढायचं आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं तेवढंच घालायचं. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच खळबळायचा, नळ बघायचा नाही. पावण्यांनी हात खिशात ठेवून बघायचं. नणंद आली आणि काळा मासा कुठाय म्हणून विचारलं, तर म्हटलं, पट्टे काळे हायेत की. वास गेला, काच स्वच्छ राहिली, आणि मासे मरेनात.

नवरा रोज सकाळी टाकीत डोकावायचा. पहिल्यांदा कौतुकानं, मग जरा अस्वस्थ होऊन. छातीतलं आवळणं वाढत चाललं होतं. आता तो प्रत्येक मजल्यावर थांबायचा. मासे मात्र इकडून तिकडं सुळसुळ फिरत होते. एका संध्याकाळी तो वर आला तो चपला न काढताच टाकीसमोर बसला.

"एक बी कसा मरंना गं?" म्हणाला.

मी कणीक मळत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः फोन करून तारीख घेतली.

तारखेच्या दिवशी सकाळी तो उपाशी पोटी अंघोळीला गेला आणि मी टाकीचा दिवा लावला. फिल्टरच्या मागं एक लाल प्लॅटी आडवा पडला होता. बुबुळ पांढरं झालेलं, शेपटी निम्मी खाल्लेली, आणि बाकीचे त्याचे लचके तोडत होते. इतके दिवस नाही आणि आजच. बाथरूमची कडी वाजली. जाळी शोधायला वेळ नव्हता. मी कोपरापर्यंत हात घातला आणि तो मुठीत धरला. बुळबुळीत, मऊ, बोटांत फुटणारा. नवरा डोकं पुसत बाहेर आला आणि नेहमीसारखा टाकीकडं वळला. मी मधे उभी राहिले आणि रिक्षा खाली आलीय म्हणून सांगितलं. ती आली नव्हती.

मूठ तशीच आवळून मी तिन्ही मजले उतरले आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्यात ती मोकळी केली. हात ओढणीला पुसला. पुढं रिक्षा, फाइल, पैसे भरणं, त्याला हिरवा गाऊन घालणं, यात हात धुवायचं राहूनच गेलं.

आत न्यायच्या आधी त्यानं माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत त्यानं कधी धरला नव्हता. त्याची बोटं गार पडली होती. हात तसाच त्यानं गालाशी नेला आणि थांबला. वास त्याला आला. रविवारी रविवारी त्यानंच तो वास ओढलेला होता.

"कुठला मेला?" त्यानं विचारलं.

वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलायला उभा होता. आता हा उठून घरी चल म्हणाला असता तर मी काही करू शकले नसते.

"लाल," मी म्हटलं. "मासा हुता. मेला."

त्यानं डोकं उशीवर नीट टेकवलं. मग माझा हात सोडला आणि वॉर्डबॉयला म्हणाला, "चला, पावणं."