रुळांवरचं तेल

सदूभाऊ शेडमध्ये शिरले की आधी रुळावरून बोट फिरवायचे आणि ते बोट उजेडाला धरून पाहायचे. सुनेची सफाई तपासायला सासू फडताळावरून बोट फिरवते ना, तसं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, "एवढं काय बघता? गाडी खेळण्यातली, रूळ खेळण्यातले." माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "अक्का, खेळणं पोरांचं असतं. ही रेल्वे आहे. लहान आहे, एवढंच."

मी चौथी शिकलेली बाई. नवरा गेल्यावर मिरजेकडून इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला मुलाकडे आले. मुलगा आणि सून नेहा दोघं हॉस्पिटलात नोकरीला. सकाळी दोन गाड्या दोन दिशांना गेल्या की घरात मी आणि माझं शिलाईमशीन. मागच्या कुंपणापलीकडे सदूभाऊ. त्यांनी जन्मभर रेल्वेत सिग्नलचं काम केलं, अर्धं तिकडे, अर्धं इथे. बायको वारलेली, मुलगा मेलबर्नला. माणूस गोड नव्हता. कुणी न सांगता आलं तर चहा विचारायचा नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भाषण लांबलं की मोठ्याने म्हणायचा, "लाल सिग्नल दाखवा कुणीतरी." माझं त्यांच्याशी पटलं ते त्यामुळेच.

शेडमध्ये त्यांनी वीस वर्षं घालवून एक स्टेशन उभं केलं होतं. कोल्हापूर लाइनवरचं लहानसं स्टेशन, जिथे त्यांचे वडील स्टेशनमास्तर होते. कौलारू इमारत, पाण्याची टाकी, लिंबाचं झाड, झाडाखाली बोटाच्या पेरापेक्षाही लहान बैलगाडी. बाहेरून गाडी येणार, स्टेशनात थांबणार, चढावरून पुलाकडे जाणार. अठरा फूट लांब. खरं स्टेशन आता तसं राहिलेलं नाही, असं ते सांगत. "वडिलांच्या वेळचं आता एवढंच शिल्लक."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी महिन्यांचा हिशेब सांगितला. मुलाने फोनवर घर विकायचं आणि बाबांना मेलबर्नला न्यायचं ठरवलं. मी तिथेच बसले होते, फोन मोठ्या आवाजावर होता. "बाबा, शेडमधलं ते सगळं कोण घेणार? मी स्किप मागवतो." स्किप म्हणजे कचऱ्याची मोठी लोखंडी पेटी. सदूभाऊंनी फोन ठेवला.

मग त्यांनी आपल्या क्लबला विचारलं. इथे अशा लहान रेल्वेवाल्यांचा क्लब आहे, बहुतेक म्हातारे गोरे. क्लबच्या हॉलमध्ये एक जागा रिकामी होत होती आणि तिच्यावर आणखी एकाचा डोळा होता. सेक्रेटरी बॅरी म्हणाला, शनिवारी आम्ही सात जण येऊन बघतो, चालती असेल तर अख्खी उचलून नेतो. शनिवारला सहा दिवस होते. सदूभाऊ मला म्हणाले, "अक्का, हे शनिवारी धावलं तर मी गेल्यावरही धावेल. नाही धावलं तर स्किप. तुमचे हात चालतात अजून. येता का?"

मी गेले. सोमवारी पत्र्याच्या आतून उष्णता अडवणारे तक्ते लावले, कारण ऊन तापलं की रूळ फुगतात आणि वाकडे होतात. तक्ते एका माणसाने लावले, सदूभाऊ खुर्चीवरून त्याला शिव्या देत होते. मंगळवारी दारातून आडवी जाणारी रुळांची फळी बिजागरीवर बसवली, म्हणजे ती उचलता येईल. आधी टेबलाखालून वाकून आत जावं लागे, आणि येणारे सगळे गुडघेदुखीवाले. बुधवारी सिग्नलच्या तारा. गुरुवारी मी टेबलाला खालून काळा पडदा शिवून लावला, म्हणजे तारांचं जंजाळ दिसू नये. त्यांनी पडद्याची शिवण बोटाने तपासली आणि म्हणाले, "सरळ आहे." त्यांच्या तोंडून हे म्हणजे शालजोडीच.

मंगळवारी संध्याकाळी क्लबची बैठक असायची. त्यांना आता गाडी चालवता येत नव्हती, म्हणून त्या मंगळवारी नेहाने आम्हाला नेलं. मी कोपऱ्यात चहा घेऊन बसले. एक नवीन मेंबर होता, ट्रक चालवणारा. त्याला सदूभाऊ काहीतरी समजावत होते. रुळावरून बोट फिरवलं, ते नाकाला लावलं, मग त्याच्यासमोर नाचवलं. सगळे हसले. बॅरी काहीतरी बोलला, पुन्हा हसले. मला वाटलं, धुळीचंच चाललंय. परतताना गाडीत ते खुशीत होते. म्हणाले, "इथे नवीन माणूस आला की पहिला धडा माझा असतो, अक्का. वीस वर्षं." कसला धडा, ते मी विचारलं नाही.

शुक्रवारी खंडेनवमी होती. त्या दिवशी सदूभाऊंना पोटातलं पाणी काढायला हॉस्पिटलात ठेवलं होतं. शेडची किल्ली माझ्याकडे. मी सकाळी माझ्या मशीनला तेल घातलं, हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. लग्न झाल्यापासून हे चुकवलेलं नाही. मग मनात आलं, या माणसाने आठवडाभर मरत मरत काम केलं, उद्या त्याची परीक्षा, आणि त्याच्या हत्यारांची पूजा करायला घरात कुणी नाही. मी मशीनच्या तेलाची कुपी आणि कापूस घेऊन गेले. दोन्ही इंजिनांना हळदकुंकू लावलं. आणि रुळांना तेल. सगळ्या रुळांना, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक बोटभर जागा सोडली नाही. काम अर्धवट टाकायची मला सवय नाही.

शनिवारी दोन वाजता सात जण आले. नेहा कामावर होती. सदूभाऊ तासाभरापूर्वीच हॉस्पिटलातून आले होते, टॅक्सीने. इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो अंगावर लोंबत होता. बोट फिरवून बघायला त्यांना उसंत मिळाली नाही. त्यांनी बटण फिरवलं. गाडी निघाली, आचके देत स्टेशनात आली, आणि चढावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मग इंजिनाचा दिवा गेला. गाडी थांबली. दुसरं इंजिन लावलं, ते तर स्टेशनातूनच हललं नाही.

सदूभाऊ वाकले. रुळावरून बोट फिरवलं, नाकाला लावलं. मग इंजिन उलटं करून त्यावरची हळद पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

बॅरीने काही विचारलं. सदूभाऊंनी छातीवर हात ठेवला आणि इंग्रजीत दोन वाक्यं बोलले. तो ट्रकवाला खाली जमिनीकडे बघायला लागला. बॅरीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नो वरीज, मेट." ते मला कळतं. आणि माणूस छातीवर हात ठेवून काय सांगतो, तेही कळतं. मी गप्प राहिले. मला इंग्रजी येत नाही हे खरं. पण हात वर करायला इंग्रजी लागत नाही.

ते गेल्यावर मी म्हटलं, "माझं चुकलं."

"रूळ म्हणजे तार असते, अक्का. त्यातूनच चाकाला वीज मिळते. तेल लावलं की वीज तुटते, चाक घसरतं."

"मग मला बोला ना काहीतरी!"

"रेल्वेत आधी रस्ता मोकळा करतात. दोष कुणाचा, ते मागाहून." आणि त्यांनी स्पिरिटची बाटली पुढे केली. "जुनं धोतर आहे कपाटात. फाडा."

आम्ही पुसत बसलो. त्यांना दर फुटाला थांबावं लागत होतं. रविवारीही पुसलं, सोमवारीही. चाकांत शिरलेलं तेल पुन्हा रुळांवर येई. गुरुवारी गाडी चढावरून पुलापर्यंत गेली. मी म्हटलं, बॅरीला फोन करा. ते म्हणाले, "ते आता येणार नाहीत." का, ते सांगितलं नाही. मेलबर्नला जायची वेळच आली नाही. तिसऱ्या आठवड्यात इथल्याच हॉस्पिटलात वारले.

अंत्यविधीला बॅरी आला होता. तो नेहाशी बोलला आणि नेहाने मला सांगितलं. "आई, तो म्हणतो की शेवटी त्यांचं डोकं चालत नव्हतं बिचाऱ्यांचं. रुळांना तेल लावायचं नाही, हे यांनीच सगळ्यांना शिकवलं. त्याच आठवड्यात एका नवीन माणसाला शिकवलं होतं. आणि स्वतःच लावून बसले. स्वतःच्या तोंडाने कबूल केलं म्हणे."

म्हणजे मंगळवारचा धडा तो होता. मी तिथे चहा पीत बसले होते.

"त्याला सांग, ते मी लावलं."

"आई, आत्ता? इथे?" नेहाने माझा हात दाबला. "गेलेल्या माणसाला काय फरक पडतो आता?" मी दुसऱ्यांदा गप्प बसले. मंडळाचे लोक मागेच उभे होते, त्यांनी ऐकलं. पुढच्या आठवड्यात प्रत्येकाच्या तोंडी तेच, सदूभाऊ शेवटी भ्रमले होते हो.

स्किप आली तेव्हा मी कुंपणाशी उभी होते. दोन माणसांनी टेबल करवतीने चार तुकडे करून टाकलं. लिंबाचं झाड वर राहिलं होतं, ते त्यांनी बुटाने आत दाबलं. माझा पडदाही गेला.

त्यानंतरच्या मंगळवारी मी नेहाला म्हटलं, मला क्लबला ने, नाहीतर मी चालत जाते. तिने नेलं. बॅरीसमोर उभी राहून मी म्हटलं, "ऑइल. मी. नॉट सदू." मग नेहाने बाकीचं सांगितलं, खंडेनवमीसकट.

बॅरीने टोपी काढून हातात घेतली. मग हळू बोलला, आणि नेहा जरा अडखळत सांगायला लागली. "तो म्हणतो, तेलाचं काही नव्हतं. तेल महिन्याभरात निघतं. आम्ही थांबलो असतो. पण सदूसारखा माणूस स्वतः तेल लावतो म्हटल्यावर वाटलं, याने आत आणखी काय काय करून ठेवलंय कोण जाणे. तारा, सिग्नल, सगळंच. म्हणून जागा दुसऱ्याला दिली. आई, तो म्हणतोय, त्या दिवशी कळलं असतं तर..."

"कळलं मला," मी म्हटलं. "पुढचं नको सांगू."

मला लिहायची सवय नाही. हे तीन दिवस बसून लिहिलं, नेहाने ऱ्हस्वदीर्घ नीट केलं. मंडळाच्या पुढच्या दिवाळीअंकात छापा म्हणून दिलंय. सदूभाऊंचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. तेल मी घातलं होतं, आणि शेडमध्ये सात माणसांसमोर मी गप्प बसले होते.