राखेतली कचकच

लाकडाच्या वखारीत सगळे त्याला धारकाका म्हणत. तीस वर्षं करवतीच्या पात्यांवर कानस घासून घासून त्याच्या अंगठ्याचा ठसा पार पुसला होता. माणूस अबोल, बोलायची ती कानसच.

दूरच्या जंगलातले पिवळसर ओंडके आले आणि काकाचे दिवस फिरले. सकाळी धार लावलेलं पातं दुसऱ्याच ओंडक्यात बोथट. फळ्या करपायला लागल्या, कापणारे कुरकुरायला लागले. मालक एकदा जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, वय झालं. महिनाअखेरीपासून आराम करा."

आरामाचं त्याला काही वाटलं नाही. पण काकाच्या हातातलं कसब गेलं असं लोक म्हणायला लागले, ते त्याच्या जिव्हारी लागलं.

त्या संध्याकाळी त्याने दोन पुड्यांत भुसा आणला, एकीत नेहमीच्या लाकडाचा, दुसरीत नव्याचा. वेगवेगळ्या डब्यांत जाळला. पांढरी राख होईतो अंगणात उकिडवा बसला. मग चिमूटचिमूट दाताखाली धरली.

"अहो, माझा स्वयंपाक गोड लागेना म्हणून आता राख खाताय?" बायकोने दारातूनच विचारलं.

"तूही बघ. ही पिठासारखी विरते. अन् ही?"

तिने तोंड वाकडं करत चव घेतली आणि थुंकली. "कचकचतेय! वाळू घातलीत की काय?"

"मी नाही. झाडानंच पोटात साठवलीय."

सकाळी त्याने ती कचकचणारी राख मालकाच्या टेबलाच्या काचेवर घासली. बारीक चरे उठले.

"मातीतली गारगोटी कणाकणानं पाण्यात विरघळून मुळांवाटे वर चढते, लाकडात बसते," काका म्हणाला. "तिच्यापुढे पोलाद काय करणार?"

"मग उपाय?"

काका क्षणभर घुटमळला. "कठीण धातूचे दाते लावलेली पाती आणा. त्यांना कानस चालत नाही. धार मशीनवर, बाहेरून."

"म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा!"

"असू दे. पण आधी त्या कापणाऱ्यांना सांगा, खोट लाकडात होती."

मालकाने करवत थांबवली आणि सगळ्यांदेखत सांगितलं.

"आम्ही तर काका, तुमच्या चष्म्याला शिव्या घालत होतो!" एकजण ओशाळून म्हणाला.

नेहमीचं लाकूड कापणारी पाती तेवढी काकाकडे राहिली. अर्ध्या दिवसाचं काम. घरी हे सांगताना त्याचा आवाज पडला. बायकोने ऐकून घेतलं, आत गेली आणि भाजीची सुरी आणून त्याच्यापुढे ठेवली.

"जगाला धार लावलीत. घरात ही कांदा कापत नाही, चेंगरते नुसती. बसा आता."