शांततेवर चिडलेले व्याही

शांततेवरची पुस्तकं वाचून शांत झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण ती वाचून नखशिखांत पेटणारा एक माणूस माझ्या नात्यात आहे, आणि तो म्हणजे माझे व्याही. झेन गुरूंचा रोजच्या जगण्याला मंत्र, बुद्धाच्या मार्गानं ऑफिसातला ताण कसा घालवावा, चहा पिता पिता मुक्ती कशी मिळवावी, असली पुस्तकं त्यांच्याकडे कपाटभर आहेत. त्यांतलं एकही त्यांनी विकत घेतलेलं नाही. सगळी आमच्या नौपाड्याच्या नातेवाइकांची कृपा. माझ्या मुलीनं कल्याण पूर्वेच्या बौद्ध घरातला मुलगा पसंत केला आणि आपण किती मोठ्या मनाचे आहोत हे दाखवायची आमच्याकडे चढाओढ लागली. साखरपुडा असो, वाढदिवस असो, दिवाळी असो, "ते बौद्ध ना, त्यांना आवडेल" म्हणत जो तो झेनचं एक पुस्तक काखोटीला मारून कल्याणला जाऊ लागला. माझ्या थोरल्या बहिणीनं तर ढेरपोट्या, खदाखदा हसणारा पिवळा पुतळा नेला. व्याह्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "ताई, हा बुद्ध नव्हे. हे पोट सावकाराचं आहे." बहीण अजून त्यांच्याशी मोजकंच बोलते.

बरं, आलेलं पुस्तक माळ्यावर टाकून मोकळं व्हावं, तेही नाही. "आमच्या घरात पुस्तक न वाचता ठेवायची पद्धत नाही," असं म्हणत टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ लाल बॉलपेन घेऊन बसतात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि पानागणिक चिडतात. शिवाय एकट्यानं चिडण्यात त्यांना गोडी नाही. म्हणून प्रत्येक पुस्तकाची एक प्रत त्यांनी मलाही घ्यायला लावली. सकाळी मी दाढीला साबण लावला रे लावला की फोन वाजतो. "जय भीम, व्याही. पान चाळीस काढा." मी साबणासकट पान चाळीस काढतो. तिथं लिहिलेलं असतं, वर्तमान क्षणात जगा. "वाचलंत? आता मला सांगा, आमच्याकडे पाणी येतं जेमतेम पाऊण तास. त्या पाऊण तासात अख्खी कल्याण पूर्व वर्तमान क्षणातच जगते. बादलीशिवाय दुसरा विचार कुणाच्या मनात येतो का? त्याला जपानला जायला कशाला हवं?" मी हसतो, मग ते आणखी चिडतात, आणि माझ्या गालावरचा साबण वाळून जातो.

एकदा मात्र हसू आलं नाही. कुठल्याशा पुस्तकात राग सोडून द्यावा, असा धडा होता आणि मला तो मनापासून पटला होता. तसं मी बोलून बसलो. मग व्याही कडाडले. "द्वेष सोडा म्हटलंय हो बुद्धानं! अन्यायाची चीडच येऊ नये असं कुठं म्हटलंय? आमच्या आधीच्या माणसांनी ती चीड सोडून दिली असती, तर माझा पोरगा तुमच्या मुलीच्या वर्गात बसला असता का? आणि बसला नसता, तर आज तुम्ही मला व्याही म्हणाला असता का?" त्या 'तुम्ही'त मीही होतो, हे मला कळलं आणि झोंबलंही.

याच रागानं ते वर्षावासात ग्रंथ वाचत. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत त्यांच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं. वडिलांच्या मागून त्या खुर्चीवर तेच बसत आले. आवाज असा की पंखे बंद केले तरी चालावं. मध्येच कुणी डुलकी घेतली की त्याला नाव घेऊन उठवत आणि मागचं पान पुन्हा वाचत. वर्षभर ते त्या संध्याकाळींची वाट पाहत असत.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, अजिबात चिडायचं नाही. डॉक्टरांचं काय जातं! झालं, आमच्या मुलीनं लाल बॉलपेन लपवलं, मला फोनबंदी केली, आणि यंदा सासऱ्यांनी वाचन करायचं नाही असं परस्पर ठरवून टाकलं. एवढ्यावरही ती थांबली नाही. विहारातल्या मंडळींना तिनं माझ्या भाच्याचं नाव सुचवलं. हा भाचा कंपन्यांमधून लोकांना शांत बसायला शिकवतो आणि त्याचे पैसे घेतो. तो म्हणे आठवडाभर येऊन झेनच्या गोष्टी सांगणार होता. ऐकलं आणि माझंच डोकं फिरलं. मुलीला म्हणालो, "अगं, त्या माणसाची जागा काढून घेतेस आणि तिथं कुणाला बसवतेस?" ती म्हणाली, "बाबा, ते राहिले पाहिजेत ना!" आणि रडायला लागली. माझा राग तिथंच अडकून बसला, ना गिळता येईना ना ओकता.

पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम कल्याणला गेलो. पांढऱ्या साड्यांतल्या बायका ओळीनं बसल्या होत्या. व्याही सर्वांत मागे, माझ्या शेजारी. सुनेला शब्द दिला होता म्हणून हात मांडीवर ठेवून गप्प. भाचा खुर्चीवर बसून गोड आवाजात म्हणाला, "आधी आपला कप रिकामा करू या. भरलेल्या कपात काही ओतता येत नाही."

व्याही उठले. आता स्फोट होणार म्हणून मी त्यांचा सदरा धरायला हात पुढे केला. पण ते अगदी हळू बोलले.

"बाळा, आमचा कप पिढ्यान्‌पिढ्या रिकामाच होता. आत्ता कुठं भरायला लागलाय. जरा भरू दे."

भाचा पोरगा वाईट नाही. तो मुकाट्यानं खुर्चीवरून उठला. व्याही जाऊन बसले, ग्रंथ उघडला आणि वाचू लागले. पण एक पान होता होता दम लागला. त्यांनी हात हलवून सुनेला बोलावलं, ग्रंथ तिच्या हातात दिला, तिला खुर्चीवर बसवलं आणि पुन्हा माझ्याजवळ येऊन बसले.

माझी मुलगी वाचत होती. घाबरत, भरभर. आणि तिनं एक अख्खी ओळ गाळली. ती गाळलेली मला कळली नसती. व्याह्यांचे ओठ ती ओळ म्हणत होते, म्हणून कळली. मी वाट पाहिली. आता नाव घेऊन ओरडतील, मागचं पान पुन्हा वाचायला लावतील. ते नुसते हसले.

"राहू द्या," माझ्या कानाशी म्हणाले. "पुढच्या वर्षी नीट वाचेल ती."

मला ते मुळीच सहन झालं नाही. इतक्या वर्षांत या माणसाला मी काहीही चालवून घेताना पाहिलं नव्हतं.

"पुढच्या वर्षी तुम्ही वाचायचं!" मी म्हणालो. बहुतेक ओरडलोच, कारण पुढच्या ओळीतल्या बायका वळून बघायला लागल्या.

व्याह्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हळू, व्याही," ते म्हणाले. "वाचन चाललंय."