माप भरल्या पोटी द्यायचं

मंदाआत्या शेवटी बारीक झालीच.

ज्यांना ज्यांना ते बघायची हौस होती, त्यांची फिटली. काल सकाळी ती गेली.

माझ्या बाबांची मोठी बहीण. सगळा संसार उल्हासनगर कॅम्प १ मध्ये. काका गेल्यावरही तिथेच एकटी राहिली. आजार वाढला तेव्हा हट्टाने बदलापूरला, आमच्या शिरगावच्या घरी आणली.

आत्या जाडी होती. हा शब्द तिचाच.

कुणी "हेल्दी", "अंगाने भरलेली" असलं गुळमुळीत बोललं की म्हणायची, "जाडी म्हण गं. मी काही चोरून नाही झाले. चारचौघांत बसून, खाऊन झालेय."

तिच्याबरोबर शॉपिंगला जायचं म्हणजे आधी खायचं. मार्केटच्या तोंडाशी दाल पकवान, मग दुकानं.

एकदा मी म्हटलं, "अगं, येताना खाऊ ना. ट्रायलमध्ये पोट दिसेल माझं."

"म्हणूनच आधी. कपडा काय उपाशी राहून घालणारेस? माप भरल्या पोटी द्यायचं."

ड्रेस चढवला की आरशासमोर गिरक्या घ्यायच्या नाहीत. भर दुकानात खाली मांडी घालून बसायचं. मग दोन्ही हात वर, फळीवरचा डबा काढतो तसे.

काखेत ओढलं, पोटाला काचलं, की ड्रेस नापास.

दुकानदार वैतागायचा. "आंटी, ड्रेस लेना है कि पंगत बिठाना है?"

"भैया, पंगत में बैठने के लिए ही तो लेना है."

एकदा तर शेजारच्या दोन सिंधी बायकाही ट्रायलचे ड्रेस घालून आमच्या बाजूला मांडी ठोकून बसल्या. आत्याने त्यांचेही निकाल लावले.

मग माझं लग्न ठरलं. आणि घरात डाएट सुरू झालं. म्हणजे माझं एकटीचं, सगळ्यांच्या वतीने.

कोबीचं सूप. जिऱ्याचं पाणी. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्न ठरलेल्या मुलींचा ग्रुप, त्यावर रोज वजनकाट्याचे फोटो. जिना चढताना मला अंधारी यायची. ग्रुपवर सांगितलं तर त्यालाही टाळ्यांचे इमोजी.

त्यात आईने आपल्याकडे घरोघरी करतात तो शहाणपणा केला. टेलरकडे जाऊन लग्नाचे ब्लाउज मापापेक्षा घट्ट शिवायला सांगितले.

"तोवर होतेच ती बारीक. तेवढंच मोटिव्हेशन."

आत्या तिथेच उभी होती. चकार शब्द बोलली नाही. मला असा राग आला तिचा. एरवी अख्ख्या मार्केटशी भांडते आणि आज नेमकी गप्प?

लग्नाच्या दिवशी शालूवरच्या ब्लाउजचे हूक लागेनात.

आईने ओढलं, मेकअपवालीने ओढलं, मी पोट आत ओढून उभी. खाली गुरुजी मामांना हाका मारतायत, मुलीला आणा म्हणून. आई रडायलाच लागली.

आत्याने पर्समधून ब्लेड काढलं. सुईदोराही.

"काढ तो."

शिवण उसवली, तर आत कापड. चांगलं दोन बोटं, दोन्ही बाजूंनी.

आई बघतच राहिली. "ताई, हे कसं काय?"

"तू बाहेर चप्पल घालत होतीस ना, तेव्हा मास्टरला सांगून आले. वरून घट्ट शिव, पण आत माया सोड. पोरगी त्या दिवशी जेवणार आहे."

तिने घाईघाईत नवी शिवण घातली. आणि मुहूर्त डोक्यावर आलेला असताना मला शालूसकट खाली बसवलं. मांडी. हात वर.

"पास. आता जा."

मी माझ्या लग्नात मसालेभात मागून घेतला. जिलबी तोंडात असतानाचा फोटो आहे. त्यात मी जाडी दिसते आणि भलतीच खूश दिसते. हॉलमध्ये लावलाय तो मी.

नंतर आत्याला पोटाचा कॅन्सर निघाला. जिचं सगळं कौतुक खाण्याभोवती, तिलाच घास उतरेना. देवाला काही कळतं की नाही, असं वाटायचं मला.

आमच्या बिल्डिंगमधल्या एक बाई लिफ्टमध्ये म्हणाल्या, "अय्या, किती मस्त बारीक झालात. काय केलंत हो?"

"कॅन्सर. डॉक्टरांचा नंबर देऊ?"

बाई चौथ्या मजल्यापर्यंत लिफ्टची बटणं बघत राहिल्या. आत्या मात्र मजेत होती.

ब्लाउज अंगात लोंबायला लागले तेव्हा मला म्हणाली, जरा आत घाल. मी कात्री घेतली तर हात धरला.

"कापायचं नाही. नुसती टीप मार. परत भरले की सोडायला नको?"

तिचे रिपोर्ट तिनेच वाचले होते. तरीसुद्धा.

काल तिला नेसवायला बसलो. तिची लाडकी जांभळी साडी. ब्लाउज काही चढेना.

हात वर होत नव्हते तिचे.

एक काकू म्हणाल्या, "मागून कापून टाक सरळ. आता कोण बघतंय?"

"कापायचं नाही," मी जोरात ओरडले.

ब्लेड आणलं. मी घातलेल्या टिपा मीच उसवल्या. आतलं कापड जसंच्या तसं होतं. मग ब्लाउज नीट गेला. काखेत ओढला नाही, कुठे काचला नाही.

संध्याकाळी शेजारून पिठलं-भात आला. मला नको होतं. आई ताट घेऊन समोर बसली. हीच आई, कोबीच्या सुपावाली.

"जेव बाई. नाहीतर ताई मलाच बोलतील."

मी मांडी घातली आणि पोटभर जेवले.

आत्या, तूही बस आता. ऐसपैस बस. लागेल तेवढी जागा घे.